दुसरी 'ब'मधला दादा

शाळेचा फोन आला तेव्हा माझी बस बंदराच्या थांब्यावर उभी होती आणि काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि मी नियम पाळणारी बाई आहे. इथल्या लोकांना आमच्यापैकी कुणी नियम पाळताना दिसलं की जरा चुकल्यासारखं होतं, म्हणून तर जास्तच पाळते. थांब्यावर दोन मिनिटं मिळाली तेव्हा निरोप ऐकला. मुख्याध्यापक क्रेस्टनचा जाडसर, पश्चिमेकडच्या खेड्यातला आवाज. "बोलेट्टे, दुपारी दोन वाजता शाळेत येऊन जाशील का? नगरपालिकेची बाई येणार आहे, तुझ्या नुकाबद्दल बोलायचंय. काळजीचं काही कारण नाही." पुढे काहीतरी खाकरल्यासारखं झालं आणि फोन बंद. मी फोन खिशात ठेवला, दरवाजे मिटले, गाडी काढली. पाठीमागून म्हाताऱ्या विग्गोने नेहमीसारखी सुरुवात केली, "काय गं, धुक्यात दिसतंय ना रस्ता? तुला तर सवयच असेल म्हणा, तिकडची." मी म्हटलं, "तिकडे धुक्यात बस चालवत नाहीत, विग्गो. तिकडे बसच नसते." तो हसला. मीही हसले.

काळजीचं काही कारण नाही. हे वाक्य मी ओळखते. माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं, ह्याच शहरात, अशाच एका शाळेच्या जिन्यात. बाबा वारल्यावर आई आम्हा दोघांना घेऊन ग्रीनलंडहून इथे डेन्मार्कात आली, दूरच्या एका मावशीच्या आधाराने. मी सात वर्षांची, दादा अकराचा. आई मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात मासे साफ करायची आणि संध्याकाळी तिच्या हातांना येणारा वास आम्हाला आवडायचा, कारण तेवढाच गावाकडचा वास इथे होता. दादाचं नावही नुका. शाळेत दादा बोलायचा नाही, असं शाळेचं म्हणणं. तो बोलायचा. आमच्यात 'हो' म्हणायचं तर भुवया उचलतात, 'नाही' म्हणायचं तर नाक आक्रसतात, झालं. त्यासाठी तोंड कशाला उघडायचं? दिवसभर तो बिचारा हो आणि नाही म्हणत राहायचा आणि बाई दिवसभर वाट बघत राहायच्या. मग त्यांनी ठरवलं की मुलगा मंद आहे, आणि मंद नसेल तर घरी काहीतरी भयंकर चाललं असणार.

त्या दिवशी आईला काचेच्या खोलीत बसवलं होतं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. आतलं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. तीन माणसं एका बाजूला, आई एका बाजूला, पर्स मांडीवर घट्ट धरून. समोरची बाई काहीतरी विचारायची, आईच्या भुवया वर जायच्या. पुन्हा विचारायची, पुन्हा वर. मग एकदा बाई पुढे वाकून बराच वेळ बोलली, आणि आईचं नाक आक्रसलं. बाई थांबून राहिली. आईने पुन्हा नाक आक्रसलं, पुन्हा आक्रसलं. माझ्याजवळ बसलेला दादा हळूच म्हणाला, "आई नाही म्हणतेय." मी म्हटलं, "कशाला?" आत बाईने मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. पुढे मोठेपणी कुणीतरी मला समजावून सांगितलं की आईने प्रतिसाद दिला नाही, नुसतं नाक मुरडत बसली, असं त्या लोकांचं मत झालं होतं. माझी आई जन्मात कुणापुढे नाक मुरडून बसली नसेल. ती ओरडत होती. काचेपलीकडे बसलेल्या सात वर्षांच्या मुलीला ते ऐकू आलं आणि हातभर अंतरावर बसलेल्या तीन शिकलेल्या माणसांना आलं नाही.

ह्या देशात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्र्यापासून झाडूवाल्यापर्यंत. मुलं घरातून काढून न्यायचा अधिकार असलेली नगरपालिकेची बाईसुद्धा 'बोलेट्टे, तुला काय वाटतं' असंच विचारते, मैत्रीण असल्यासारखं. त्यामुळे घाव कुठून येणार ते आधी कळत नाही. गाडी इस्पितळावरून वळली, वसाहतीच्या उंच इमारती धुक्यात तळमजल्यापुरत्याच उरल्या होत्या, आणि मग शाळा आली. माझी बस शाळेवरूनच जाते. हा मार्ग मी मागून घेतला होता, दिवसातून कितीदा तरी फाटकातून डोकावता यावं म्हणून. आज मैदान रिकामं होतं. दुसरी 'ब'च्या, म्हणजे माझ्या लेकीच्या वर्गाच्या, खिडकीत दिवे होते. मी थांब्यावर जरा जास्तच थांबले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "चल की बाई, झोप लागली का?" आणि आणखी कुणीतरी हळू आवाजात काहीतरी जोडलं, आणि दोघं खिदळले. काय जोडलं ते मला ठाऊक आहे. इथे कुणी फार पिऊन पडला की त्याला आमच्या लोकांचं नाव देतात. मी आयुष्यात बिअरचा थेंब घेतलेला नाही. त्याने काय होतं म्हणा.

दादाला आईकडून काढून एका शेतावरच्या कुटुंबात ठेवलं. माणसं चांगली होती असं सगळे सांगतात, आणि मलाही तसंच वाटतं, डुकरं पाळणारी, वेळेवर जेवणारी माणसं. आईला एक रविवार सोडून एक रविवार भेटायची परवानगी होती, सोबत एक बाई बसायची, आणि त्या बाईला समजावं म्हणून बोलणं डेनिशमध्येच व्हायला हवं होतं. आईला डेनिश येत होतं ते माशांपुरतं. मग दोघं समोरासमोर बसून भुवयांनी बोलायची. ती बाई घरी जाऊन सांगत असेल, मायलेकांत काही बोलणंच होत नाही. पंधरा वर्षांचा झाला तेव्हा एका कडाक्याच्या हिवाळ्यात दादा शेतावरून निघाला, पायी, आमच्याकडे यायला. शेत खाडीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. पूल लांब होता. खाडी गोठलेली होती. आता आमच्याकडे बर्फ म्हणजे रस्ता. दोन गावांच्या मध्ये पाणी असलं की माणूस हिवाळ्याची वाट बघतो, की मग जाता येईल. इथला एखादा पोरगा त्या बर्फावर पाय ठेवता ना. इथली खाडी गोठते ती नुसती दाखवायला. दादाने समोर बर्फ बघितला आणि त्याला वाटलं असणार, अरे, हा तर घरचाच रस्ता. तो मार्चमध्ये सापडला.

म्हणून मला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव नुका ठेवलं. आमच्यात हे नाव मुलालाही चालतं आणि मुलीलाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला दिलं की त्या माणसाला पुन्हा घर मिळतं. मग ते बाळ त्याच्या जागेवर बसतं. मी तिला दादा म्हणते. ती मला 'छोटे' म्हणते, दादा म्हणायचा तशी. तिचे बाबा जहाजावर असतात, वर्षातून दोनदा येतात, त्यांना ह्यात काही वावगं वाटत नाही. तेही आमच्यातलेच, नावाने ते स्वतः त्यांच्या आत्याची आजी आहेत. आई होती तोवर सुक्या माशाचा सगळ्यात मोठा तुकडा नुकासाठी काढून ठेवायची आणि दोन वर्षांच्या त्या फ्रॉकवालीला म्हणायची, "जेवलास का रे? शेतावर देतात का नीट खायला?" नुका भुवया उचलायची. आई जी हसली ती त्या वर्षांत. मला इंजिन कळतं, ब्रेक कळतात, मी भाबडी बाई नाही. पण खाडीकाठी पाणी गोठलेलं दिसलं की ती पोर माझा हात घट्ट धरून मला आतल्या बाजूला ओढते, तेव्हा मी काही बोलत नाही. हे सगळं घरातलं. दाराबाहेर तिला सांगून ठेवलं होतं, बाहेर तू नुका आणि मी आई. कळलं? भुवया.

आणि तरी ते बाहेर गेलं. त्याला कारण शाळाच. वाईट शाळा असती तर गेलं नसतं. वाईट शाळेत आमचं पोर तोंड मिटून बसतं आणि सुरक्षित राहतं. नुका बालवाडीत होती तेव्हा तिथल्या लोकांनीही तेच सांगितलं, उत्तर देत नाही. पहिलीत तिला डोरिट मिळाली. पन्नाशीची, उंच, कमरेतून जरा लचकत चालणारी, केस कायमचे पिंजारलेले. दोन आठवडे ह्या डोरिटबाईंनी मला काही विचारलं नाही, बोलावलं नाही. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर नुका नेहमीसारखी माझ्या बसमध्ये चढली आणि तिच्यामागून डोरिट. ती माझ्यामागच्या सीटवर बसली. नुका पलीकडच्या सीटवर. उतरायचं नाव नाही. बंदर गेलं, इस्पितळ गेलं, शेवटचा थांबा आला, बस परत फिरली, तरी बाई बसलेली. मी आरशातून बघत होते. ती आमच्याकडे बघत होती. मी नुकाला आरशातूनच विचारायची, डबा संपवला? तिच्या भुवया वर. भूक लागली? नाक. आणि ती बाई एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. मला वाटलं, झालं, आता बसमध्ये पाळत, मग घरी पाळत, मग काचेची खोली. पुढच्या लाल दिव्याला मी थांबले आणि तिने पुढे वाकून विचारलं, "नुका, ही तुझी आई फार छान गाडी चालवते का गं?" नुकाने भुवया उचलल्या. डोरिटने आरशात माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या भुवया उचलल्या. अशा काही वेड्यासारख्या उचलल्या की कपाळाला आठ आठ्या पडल्या. म्हणाली, "दोन आठवडे ही मला उत्तरं देतेय आणि मी गाढवीण तिच्या ओठांकडे बघत बसले होते." दिवा हिरवा झाला होता. मागचा मोटारवाला भोंगा वाजवत होता. मला रस्ता नीट दिसत नव्हता.

नंतर वर्गात खूळच लागलं, दुसरीत गेल्यावरही सुटलं नाही. हजेरी घेताना पिवळ्या केसांची ती सगळी पोरं 'हजर' म्हणायच्याऐवजी भुवया उचलायला लागली. कवायतीच्या मास्तरांनी तक्रार केली की दुसरी 'ब' माझी टिंगल करते. स्वयंपाकघरातल्या बाई वाढताना विचारायच्या, "बीट हवं?" आणि पंचवीस नाकं एकदम आक्रसायची. पालकांच्या सभेत एक बाप उठून म्हणाला, आमचा मुलगा जेवताना बोलतच नाही, नुसत्या भुवया उडवतो, हे कसलं शिक्षण? डोरिट म्हणाली, "मग तुला मान वर करून त्याच्याकडे बघावं लागत असेल." तो बाप बसला. मी मागच्या रांगेत होते. मला उठून नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटलं, कारण सगळी सभा वळून माझ्याकडे बघत होती, कौतुकाने. कौतुकाची नजर आणि दुसरी नजर, दोन्ही पाठीला सारख्याच लागतात. पण नुका फुलली हे खरं. मोठमोठ्याने वाचायला लागली, भांडायला लागली, डेनिशमध्ये शिव्या द्यायला लागली, तिकडच्या कुत्र्यांच्या आणि देवमाशांच्या गोष्टी सांगून वर्ग खिळवून ठेवायला लागली, आणि एकेक करत तिला तिथे सगळंच सांगावंसं वाटायला लागलं.

नाताळानंतर डोरिट कमरेच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेली. बदली आलेली सिग्ने म्हणजे पोरगीच, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, गळ्यात लोकरीचा मोठा मफलर, डोळे कायम पाणावलेले. मागच्या आठवड्यात जेवताना नुका सहज म्हणाली, "छोटे, आज आम्ही आपापल्या घराबद्दल सांगितलं. मी सांगितलं, मी आईचा मोठा भाऊ आहे. मी खाडीत बुडून मेलो होतो, मग परत आलो." माझ्या हातात सूपची पळी होती. मी म्हटलं, "मग?" "मग कुणी काही नाही. ओस्कर म्हणाला, पाणी गार होतं का? मी म्हटलं, हो." "आणि सिग्ने?" "ती रडायला लागली. मग बाहेर गेली." मी तिला ओरडले नाही. ओरडणार कोणत्या तोंडाने? पळी तशीच धरून उभी राहिले. इथल्या कायद्याने शिक्षकाला मुलाबद्दल शंका आली तर नगरपालिकेला कळवावंच लागतं, गप्प बसणं हा गुन्हा आहे. सिग्नेने कळवलं असणार. त्या दिवसापासून मी रोज फोनची वाट बघत होते. आज आला तेव्हा, खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

नगरपालिकेच्या थांब्यावर ती बाई बसमध्ये चढली. मला तिचं नाव माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता, तरी पायरीवर तिचा बूट पडला तेव्हाच मला कळलं. राखाडी कोट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, सपाट कातडी बॅग. चाळिशीतली, चेहरा थकलेला पण वाईट नाही. "शाळेचा थांबा आला की सांगशील?" म्हणाली, "धुक्यात काही कळत नाही." मी म्हटलं, "सांगते." ती माझ्यामागच्या सीटवर बसली, डोरिट बसली होती तिथेच. आरशात तिचं कपाळ दिसत होतं. तिने बॅग उघडली, मिटली, डोळे चोळले. माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटत नाही. थांबा न सांगता पुढे जावं. खाडीपर्यंत जावं, शेवटच्या थांब्यावर दिवे मालवावे, म्हणावं गाडी बिघडली, आणि तिला धुक्यात उभी करून निघून जावं. पण तशी ती आज नाही तर उद्या आली असती, आणि बिघडलेल्या गाडीचीही कुठेतरी नोंद झाली असती. मग मी मनातल्या मनात उत्तर घोटायला लागले. मुलांच्या कल्पना असतात गं. कुठून डोक्यात घेतलं कोण जाणे. छे, मी कशाला तिला भाऊ म्हणू? माझं डेनिश स्वच्छ आहे, तिला ऐकून कळणारही नाही मी कुठची. हसत म्हणायचं. छे, मी कशाला तिला भाऊ म्हणू. प्रत्येक वेळी म्हटलं की खाडीवरचा बर्फ जरासा तडकल्याचा आवाज कानात व्हायचा. मी पुन्हा म्हणायची. शाळा आली. "हा तुझा थांबा," मी म्हटलं. "थँक्स," ती म्हणाली, "छान चालवतेस." मीच तिला आणून पोचवली.

ड्युटी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मी शाळेत पोचले तेव्हा सगळे बसलेले होते. काचेची खोली. कुठल्याही शाळेत ती असतेच, बहुतेक आराखड्यातच असावी. क्रेस्टन खुर्चीत मावत नव्हता. सिग्ने गळ्यातला मफलर पिळत होती. आणि कोपऱ्यात दोन कुबड्या भिंतीला टेकवून डोरिट, घरातल्या चपला, कोटाखाली रात्रीचा सदरा. "तुला कुणी बोलावलं?" क्रेस्टन तिला विचारत होता. "कुणी नाही. स्वयंपाकघरातल्या बाईंनी कळवलं. ओरडायचं तर त्यांच्यावर ओरड, मग उद्या तुला बीटच मिळेल." राखाडी कोटवाली माझ्याकडे बघून चमकली. "अगं, बसमध्ये तूच होतीस?" म्हणाली. "मी हेन्रिएट्टे. बस ना. अजिबात घाबरू नकोस, आपण फक्त बोलणार आहोत." मी बसले. पर्स मांडीवर घट्ट धरलेली आहे हे मला मागाहून कळलं.

तिने पेन काढलं. "सरळच विचारते, बोलेट्टे. नुकाने वर्गात सांगितलं की ती तुझा भाऊ आहे, आणि ती बुडून मेली होती. लहान मुलीने स्वतःला मेलेलं समजणं हे आम्हाला जरा गंभीर वाटतं. तू घरी तिला भाऊ म्हणतेस का?" माझं उत्तर जिभेवर तयार होतं. हसून म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि दादाचा चेहरा समोर आला, बाकावरचा, आई नाही म्हणतेय असं सांगतानाचा, आणि जीभ हललीच नाही. हेन्रिएट्टे थांबून राहिली. पेन कागदावर टेकलं. "बोलेट्टे? उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांग, मी तशी नोंद—"

"दिलं की उत्तर तिने," डोरिट म्हणाली. "हो म्हणाली."

माझ्या भुवया वर गेलेल्या होत्या. मला न विचारता. हेन्रिएट्टेने माझ्याकडे बघितलं, डोरिटकडे बघितलं. डोरिट म्हणाली, "ते पेन जरा ठेव. लिहिताना तुला खाली बघावं लागतं, आणि खाली बघितलंस तर अर्धं बोलणं निसटतं. आम्हाला हे शिकायला वेळ लागला." हेन्रिएट्टेने पेन ठेवलं. मग मी सांगितलं. शेत, रविवार, शेजारी बसणारी बाई, खाडी, मार्च. नाव दिलं की माणसाला घर मिळतं तेही. मधेच रडले आणि रडतच बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सिग्ने म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं, मला कळवावंच लागतं." मी म्हटलं, "ठाऊक आहे गं." आणि मला तिचा राग नव्हता, तिच्यासारखंच कुणीतरी तेव्हाही असेल, चांगल्या मनाचं, पाणावलेल्या डोळ्यांचं. डोरिट म्हणाली, "नुकाला इथे सांगायला भीती वाटली नाही. घडलंय ते एवढंच. ह्याची शिक्षा तिला झाली तर उद्या ह्या शाळेत एकही पोर तोंड उघडणार नाही, आणि उघडू नये असं मीच त्यांना सांगेन." क्रेस्टनने घसा खाकरला. "मी फार बोलत नाही," तो म्हणाला. "मुलगी आमची आहे. लिहायचं तर हे लिही."

हेन्रिएट्टेने बॅग बाजूला सरकवली. "मला एक विचारावं लागतं," ती म्हणाली, आणि ह्या वेळी पेन न उचलता माझ्याकडे बघत म्हणाली. "चौकशी चालू असेपर्यंत तिला काही दिवस दुसरीकडे ठेवलेलं बरं, असं तुला वाटतं का?" माझं नाक आक्रसलं. माझं होतं की आईचं, मला सांगता येणार नाही. तिने डोळे बारीक केले. मग स्वतःचं नाक जरासं आक्रसून, अवघडून, विचारलं, "म्हणजे... नाही?" "नाही," मी म्हटलं. "नाही," तिने लिहिलं. तेवढ्यात सिग्नेने माझ्या मागे बोट दाखवलं. काचेपलीकडे नुका उभी होती आणि तिच्यामागे दुसरी 'ब'मधली आठ-दहा पोरं, तासातून निसटून आलेली. आतलं त्यांना ऐकू जात नव्हतं. दिसत होतं. सगळ्यांची नाकं आक्रसलेली होती.

पण ते संपलं असं कुणी म्हटलं नाही. हेन्रिएट्टे उठताना म्हणाली की निर्णय तिच्या एकटीच्या हातात नसतो, वर माणसं असतात, ती त्यांना सांगेल, आणि गुरुवारी तिला घरी येऊन बघावं लागेल. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काळजीचं..." आणि तिथेच थांबली. तेवढ्याबद्दल मी तिची आभारी आहे.

नुका आणि मी खाडीकाठाने घरी निघालो. धुकं विरळ झालं होतं. काठाशी पाणी गोठायला लागलं होतं, कडेकडेने पांढरं, पुढे काळं. तिने माझा हात धरून मला आतल्या बाजूला घेतलं. मग विचारलं, "छोटे, ती बाई मला घेऊन जाणार?" मला नाही म्हणायचं होतं. जगात मला एवढंच म्हणायचं होतं. पण खोटं सांगायला माझा चेहरा आज तयारच नव्हता. नाकही हललं नाही, भुवयाही नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्याकडून उत्तर मिळालं नाही. ती थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून बर्फाकडे बघितलं, पलीकडे, जिथे शेतं आहेत तिकडे, आणि ओझं जागेवर ठेवावं तसं म्हणाली, "बरं. नेलंच तर ह्या वेळी मी बर्फावरून नाही येणार. बसने येईन. तूच चालवत असशील ना?"

मी भुवया उचलल्या.